नेहमीच्या मापाचा कलश

नुमाजिरी तेइझो यांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून छापील यादी आली, तरी ते 'यादी मिळाली, आभारी आहे' असं कार्ड टाकत. एकाच पत्राचं उत्तर राहिलं होतं, आणि त्यालाही आता अकरा वर्षं होत आली होती.

ते पत्र त्यांच्या नावावर नव्हतं. पाकिटावर ओसाकातल्या भुयारी रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचा पत्ता होता आणि वर लिहिलं होतं, 'फोनवर बोललेल्या सद्गृहस्थांस'. खोलीत चौघं कामाला होते, त्या सकाळी एकजण रजेवर होता. पत्र उघडायच्या आधीच बाकीच्या दोघांनी ते नुमाजिरींच्या टेबलावर सरकवलं होतं. सद्गृहस्थ म्हटल्यावर दुसऱ्या कुणाची शंका घेण्याचं कारणच नव्हतं.

एका बाईंनी लिहिलं होतं:

'ऑक्टोबरात मी आपल्याला फोन केला होता. माझ्या यजमानांचा अस्थिकलश पंचवीस तारखेला जांभळ्या लाइनच्या अकराच्या गाडीत राहिला. आपण तीनदा वही पाहिलीत आणि नाही म्हणालात. इतक्या हळू आवाजात मला कुणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून धीर करून पुन्हा लिहिते. त्या दिवशी भाची टॅक्सी कर म्हणत होती. मीच ऐकलं नाही. तो बोगदा खणायला ते तीन वर्षं होते. म्हटलं, देवळापर्यंत आपल्या बोगद्यातूनच जाऊ देत. कलश मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची मुलगी उठून लांब जाऊन उभी राहिली. लोकांना नको वाटतं, म्हणून वर रॅकवर ठेवला. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा आमचं स्टेशन आलं होतं आणि दार मिटायला लागलं होतं. खाली उतरले तेव्हा पर्स हातात होती, पर्समध्ये त्यांच्या दहनाचा दाखला होता, आणि ते पुढे निघून गेले होते. देवळात आम्ही अस्थींसाठी दोघांची जागा घेऊन ठेवली आहे. ते कुठेही असोत, मला कळलं तर मी तिथे जाईन. कितीही वर्षांनी काही कळलं, तर दोन ओळी टाका. ओकेतानी हारुए.'

नुमाजिरींना तो फोन नीट आठवत होता.

"माझ्या मिस्टरांचा कलश राहिलाय हो गाडीत," बाई म्हणाल्या होत्या. आवाज थरथरत होता, पण रडत नव्हत्या.

"वर नाव आहे का काही, ओकेतानीसान?"

"नाव नाही घातलं. पांढरं कापड आहे वरून. सगळ्यांचं असतं तसंच."

"आणि आकार केवढा?"

"आकार?" बाई गोंधळल्या. "नेहमीचाच की. मोठ्या माणसाचा असतो तेवढा."

नुमाजिरी मूळचे पूर्वेकडचे, तोचिगीचे. वडिलांचा कलश त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांच्या कवेत धरून डोंगरावरच्या देवळात नेला होता. दोनदा पायरीवर टेकवावा लागला, इतका जड. मोठ्या माणसाचा कलश म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तो आला. तसा कलश खोलीत नव्हता. एक होता, पण तो चहाच्या डब्याएवढा, ओंजळीत मावणारा. आदल्या दिवशी शेवटच्या स्टेशनावरून आला होता. तो पाहून नुमाजिरींनी वहीत लिहिलं होतं: 'अस्थिकलश, लहान मुलाचा, एक.' त्यांनी तो छत्र्यांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवला. पुढ्यात पेलाभर पाणी ठेवलं. दुपारी खाली जाऊन दुधाच्या कॅरॅमलची पुडी आणली आणि रोज एक गोळी पाण्याशेजारी ठेवायला लागले.

"पोराला दात किडतील ना हो नुमाजिरीसान," नाकात्सुजी म्हणाला होता. हा त्यांच्या टेबलासमोर बसायचा. जन्मापासून ओसाकाचा, जिभेला हाड नसलेला. तोही कलशाजवळून जाताना मान लववायचा, पण कापडाखाली काय आहे ते त्याने पाहिलं नव्हतं. वहीत जे लिहिलं होतं ते त्याला पुरेसं होतं.

असल्या कलशांत काही जाणूनबुजून सोडलेले असतात. जागा घ्यायला जमत नाही, घरात ठेवायला धीर होत नाही, आणि मग कुणीतरी डोळे मिटून रॅकवर ठेवून उतरून जातं. ह्या पोराची आई तशीच कुठेतरी असणार, असं नुमाजिरींना वाटलं. तिचं दुःख ओकेतानीबाईंना फोनवर कशाला सांगायचं? म्हणून त्यांनी लहान कलशाचा उल्लेखच केला नाही. तीनदा वही पाहिली आणि तीनदा हळू आवाजात सांगितलं, "नाही हो. तसा नाही आलेला."

सात दिवसांनी कलश पोलिसांकडे गेला. कागदावर वहीतलंच वाक्य उतरलं. बाईंनी पोलिसांतही कळवलं होतं, पण त्यांच्याकडे नवऱ्याचा कलश नव्हता, लहान मुलाचा होता. तीन महिने कुणी आलं नाही, तेव्हा तो वॉर्ड कचेरीत गेला. तिथल्याही कागदावर तेच वाक्य होतं.

पत्र आलं ते मार्चच्या शेवटी. नुमाजिरींनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायचं ठरवलं होतं. खेद वाटतो, काही कळल्यास जरूर कळवू, अशा चार ओळी. त्या दिवशी दुपारी नाकात्सुजी आठवडाभराच्या रजेवरून परतला. त्याचे वडील गेले होते. सगळ्यांचे आपापल्या परीने दोन शब्द बोलून झाले आणि चहा आला.

"काय सांगू," नाकात्सुजी म्हणाला, "आमचा म्हातारा नव्वद किलोचा. चारजणांना उचलत नव्हता. आणि शेवटी सगळं मिळून एवढंसं." त्याने चहाचा डबा उचलून दाखवला.

"एवढंसं कसं?" नुमाजिरींनी विचारलं.

"कसं म्हणजे? कंठाचं हाड, ते बुद्धासारखं बसलेलं असतं ना, ते. मग थोडं डोक्याचं, थोडं हातापायाचं. झालं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तिथेच राहतं. ती माणसं बघतात त्याचं. का हो? तुमच्याकडे सगळं सावडून आणतात की काय?"

"हो," नुमाजिरी म्हणाले. "सगळं."

"अरे बापरे! पोतं घेऊन जाता का बरोबर?"

खोलीतले दोघंही हसले. वडील गेलेला माणूस स्वतःच हसवतोय म्हटल्यावर हसायला हरकत नव्हती. नुमाजिरींनी कप खाली ठेवला आणि ऑक्टोबरची वही काढली.

अडतीस वर्षं ते ओसाकात होते. कचेरीतल्या कितीतरी माणसांच्या घरी दुखवट्याचं पांढरं पाकीट घेऊन गेले होते, मान लववून, उदबत्ती लावून परत आले होते. पण अस्थी सावडायला घरची माणसं जातात. नुमाजिरींचं ह्या गावात घरचं कुणी नव्हतं. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणण्यापेक्षा, मुलगी पाहायला जायच्या दिवशी ते दोनदा आजारी पडले. त्यामुळे इकडचा कलश केवढा असतो, हे त्यांना कुणी दाखवायचा प्रसंगच आला नव्हता. पुस्तकांतही कधी वाचनात आलं नाही. आलं असतं तर त्यांच्या लक्षात राहिलं असतं.

त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी वॉर्ड कचेरीचा नंबर दिला. वॉर्ड कचेरीने स्मशानभूमीचा दिला. सगळीकडे माणसं फार नम्रपणे बोलली.

"लहान मुलाचा ना?" स्मशानभूमीतला माणूस म्हणाला. "आला होता की. गेल्या आठवड्यात विषुवाची, पितरांची पूजा झाली. तेव्हा सगळ्या बेवारसांबरोबर घातला सामाईक चौथऱ्याखाली."

"तो वेगळा काढता येईल का?"

"साहेब, कलशातून काढून एकत्र ओततात. त्यातून वेगळं काय काढणार?"

"तो मुलाचा नव्हता. मोठ्या माणसाचा होता. नोंद चुकली आहे."

"असं होय? मी कागद दुरुस्त करतो हवं तर. पण आहेत ते तिथेच आहेत." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "मुलाचा म्हणून मी फुलं जरा जास्त टाकली होती, साहेब."

आठवडा. पत्र आठ दिवस आधी आलं असतं तर. नाकात्सुजीचा म्हातारा आठ दिवस आधी गेला असता तर. दुसरा विचार मनात आल्याबरोबर नुमाजिरींना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी पहिलाही सोडून दिला.

त्या रात्री त्यांनी पहिला मसुदा लिहिला. त्यात क्षमेशिवाय काहीच नव्हतं. दुसऱ्यात पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चाल इतकी सविस्तर लिहून झाली, की तो ज्ञानकोशातला लेख वाटायला लागला. तिसऱ्यात लिहिलं, 'दुर्दैवाने काहीही कळू शकलेलं नाही.' हा मसुदा भाषेच्या दृष्टीने सगळ्यांत चांगला उतरला होता. त्यांनी तो फाडला. मग उन्हाळा आला. आता उत्तर लिहायचं तर उशिराबद्दलही क्षमा मागावी लागणार होती. पुढच्या वर्षी त्याहून जास्त. दर विषुवाला ते चौथऱ्याशी जाऊन उभे राहत, फुलं ठेवत. पहिल्या वर्षी सवयीने कॅरॅमलही नेलं होतं. बोगदा खणणाऱ्या माणसाला कॅरॅमल कसं द्यायचं, हे तिथे पोचल्यावर सुचलं. पुढच्या वर्षापासून ते साकेचा, तांदळाच्या दारूचा, छोटा पेला न्यायला लागले. स्वतः घेत नसत, त्यामुळे कुठली साके चांगली ते त्यांना ठाऊक नव्हतं.

यंदा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. नाकात्सुजीही निवृत्त झाला होता, पण घरात बसवत नाही म्हणून जांभळ्या लाइनवरच्या एका स्टेशनात आठवड्याचे तीन दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांना लिफ्ट दाखवायचं काम करत होता. महिन्यातून एकदा दोघं कॉफी प्यायला भेटत. नाकात्सुजी बोले, नुमाजिरी ऐकत.

"तुमच्या खात्याचं एक गिऱ्हाईक आहे आमच्याकडे," ऑक्टोबरच्या मध्याला नाकात्सुजी म्हणाला. "रॅकवाली आजी. दर पंचवीस तारखेला येते. अकराच्या गाडीत बसते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि उंच माणूस दिसला की म्हणते, जरा वर बघता का हो, काही राहिलंय का."

"काय राहिलंय?"

"नवऱ्याच्या अस्थी, म्हणे. दहा-बारा वर्षं झाली म्हणतात. आता तिलाही माहीत असणार ना, गाडी रोज झाडतात ते. पण येते."

"लोक... लोक बघतात?"

"न बघून करतात काय! परवा एकजण म्हणाला, आजी, नवरा नाहीये, छत्री आहे, चालेल का? तीच आधी हसली. म्हणाली, छत्री बरी, कटकट तरी करत नाही." नाकात्सुजी स्वतःशीच हसला. "आता या पंचवीसला शेवटचं. महिन्याअखेर भाची कुठल्याशा वृद्धाश्रमात नेणारे. अहो, तुमची कॉफी गार झाली. बरं नाही का वाटत?"

"बरं आहे," नुमाजिरी म्हणाले.

"नाही, चेहरा पाहून वाटलं, मुलगी बघायला निघालात."

नाकात्सुजीला सांगावं, असं नुमाजिरींच्या मनात आलं. पण पोत्याचा विनोद त्याचाच होता. त्याला सांगितलं असतं, तर तोही जन्मभर त्या विनोदाकडे वळून पाहत बसला असता.

पंचवीस तारखेला ते अकराच्या गाडीत पहिल्या स्टेशनापासून बसले. काय म्हणायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. 'ओकेतानीसान, मी फोनवरचा माणूस.' एवढंच. पुढचं आपोआप येईल, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. तिसऱ्या स्टेशनावर एक लहानशी बाई काठी टेकत आत आली. राखाडी कोट, पाठीवर पोरांसारखी पिशवी. ती बसली नाही. डब्यात इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ नुमाजिरींसमोर येऊन उभी राहिली. डब्यात त्यांच्याएवढं उंच कुणीच नव्हतं.

"माफ करा हं," बाई म्हणाली, "जरा वर बघता का? माझी मान वर होत नाही आता."

नुमाजिरी उठले. पाठ केलेलं वाक्य ओठांशी आलं होतं. त्यांनी रॅककडे पाहिलं. दुमडलेलं वर्तमानपत्र होतं आणि कुणाची तरी कापडी पिशवी.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

"आतल्या बाजूला सरकला असेल. नेहमीच्याच मापाचा आहे, पटकन दिसत नाही."

त्यांनी हात लांब करून रॅकच्या मागच्या कडेपर्यंत फिरवला. मग पुढच्या रॅकवर. बाई खालून काठी टेकत त्यांच्या मागोमाग येत होती. डब्याच्या टोकापर्यंत गेले, दुसऱ्या बाजूने परत आले. एका शाळकरी मुलीने स्वतःहून आपलं दप्तर उचलून जागा दाखवली. हाताला थोडी धूळ लागली.

"नाही हो," ते म्हणाले.

बाईने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं त्यांना वाटलं.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हालाही दमवलं."

दोघं शेजारी बसले. गाडी वळणावर कलली तशी तिने काठीने खालच्या बाजूला खूण केली. "इथे पाणी लागलं होतं. आठ दिवस पंप लावून बसले होते सगळे. घरी आले तेव्हा मोजे पायाला चिकटलेले. मी कात्रीने कापून काढले."

"हो का," नुमाजिरी म्हणाले.

"देवळातून कागद आलाय. ह्या महिन्याच्या आत सही पाहिजे, जागा दोघांची ठेवायची की एकटीची. एकटीची म्हटलं, तर ते सापडले म्हणजे काय करायचं? दोघांची म्हटलं, तर माझ्यामागे भाचीने रिकामी जागा सांभाळत बसायचं. ती म्हणते, मावशी, काहीतरी एक सांग. आता मी काय सांगू? मला कुणी सांगितलंय का?" ती हसली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मी..." ते म्हणाले. गाडी थांबली. दार उघडलं.

"अगंबाई, तुमचं स्टेशन आलं का? आणि मी बसवून ठेवलंय! उतरा, उतरा, दार मिटेल."

ते त्यांचं स्टेशन नव्हतं. पण तिने काठी बाजूला घेऊन वाट करून दिली होती, दोन माणसं त्यांच्यासाठी सरकून उभी राहिली होती, आणि नाही म्हणायला एक सेकंद लागला असता. नुमाजिरी उतरले. बाहेरून त्यांनी मान लववली. काचेतून तिनेही लववली. गाडी गेली. फलाटावरच्या बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. दर सहा मिनिटांनी एक गाडी येत होती, आणि कुठल्याही गाडीत बसून आता उपयोग नव्हता.

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं. यावेळी मसुदा केला नाही, कारण मसुदा केला असता तर तो सुधारावासा वाटला असता.

'ओकेतानीसान,

आपल्या पत्राचं उत्तर. आपले यजमान आमच्याकडे आले होते. आपण फोन केलात तेव्हा ते माझ्या पाठीमागच्या फळीवर होते. मी पूर्वेकडचा आहे. आमच्याकडे सगळ्या अस्थी नेतात आणि कलश मोठा असतो. आपला कलश मला लहान मुलाचा वाटला आणि मी तसं लिहिलं. पुढे सगळ्यांनी माझं पाहून लिहिलं. त्यात त्यांचा दोष नाही.

त्या मार्चमध्ये विषुवाच्या पूजेला त्यांना शहराच्या स्मशानभूमीतल्या सामाईक चौथऱ्याखाली ठेवलं. आता वेगळं काढता येत नाही. पत्ता खाली दिला आहे. बस जाते, पण शेवटी चढ आहे. चौकशी केली, ज्यांना हवं त्यांना आधी नाव नोंदवून त्या चौथऱ्याखाली जागा मिळते. ही माहिती म्हणून लिहितो आहे, सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. आज गाडीत रॅकवर पाहणारा माणूस मीच होतो. तेव्हाही बोलता आलं नाही.

नुमाजिरी तेइझो.'

'बोलता आलं नाही' याच्यापुढे त्यांनी 'कारण' असं लिहिलं होतं. ते खोडलं. खोडलेलं दिसत होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं.

सकाळी सव्वीस तारीख होती. आज टाकलं तर उद्या, फार तर परवा मिळणार होतं. सही करायला तीन-चार दिवस उरत होते. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत दोनशे पावलं. तेवढ्यात नुमाजिरींच्या मनात सगळं येऊन गेलं. आजवर ती निदान वर बघत होती. उद्या पाकीट उघडल्यावर कुठे बघणार? वृद्धाश्रमात जायच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाच्या हातात हे द्यायचं? आणि नाही दिलं, तर ती कागदावर काय लिहिणार?

पेटीला दोन तोंडं होती. साध्या पत्रांचं डावीकडे. त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि कोपऱ्याला धरून ठेवलं. मागे एक बाई हातात कार्डं घेऊन उभी होती. तिला खोळंबून ठेवणं बरं नव्हतं.

"या ना, तुम्ही आधी," ते म्हणाले.

"नाही नाही, तुमचं होऊ द्या की," ती म्हणाली.

नुमाजिरींनी बोटं सोडली. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटी बरीच भरलेली असावी.